नावाडी नसलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि मला नावाडी नाही. मालकही नाही. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला आहे. जो बसेल त्याने तो हातांनी ओढत पलीकडे जायचे आणि उतरताना माझ्या तळात झिरपलेले पाणी डब्याने उपसायचे. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता आणि मोडला तर शिक्षा करणारेही कोणी नव्हते. तरी माझा तळ वर्षानुवर्षे कोरडा राहिला. कोणी न उपसता निघालाच, तर काठावरचे एवढेच विचारायचे, "काय हो, हात दुखतोय का?" बिचारा मागे फिरून डबा उचलायचा. मला या माणसांचे फार कौतुक वाटे.

एके दिवशी पहिले कोण बसणार यावरून न्हावी आणि कुंभार हमरीतुमरीवर आले. मग सगळ्यांनी ठरवले, लक्ष ठेवायला एक माणूस हवाच. शिंपीकाकांना राखणदार नेमले आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. काका भला माणूस, पाणी स्वतःच उपसू लागले. त्यामुळे झाले असे की, बाकीच्यांनी डब्याकडे बघणेच सोडले.

"उपसू का थोडं?"

"राहू दे रे, काका आहेत की."

पुढे काका तापाने अंथरुणाला खिळले. माझ्यात पाणी साचत गेले. मला रडू येई, पण होडीचे रडणे कोणाला कळणार? शेवटी एका सकाळी मी काठाशीच बुडाले, फक्त कड वर राहिली.

नेमके त्याच सकाळी पलीकडून बेकरीवाले मामा ओरडले, "सुईणआजींना पाठवा, सूनबाई अडलीये!" आजी पिशवी घेऊन धावत आल्या.

"आधी काकांना विचारायला हवं," न्हावी म्हणाला.

आजींनी पदर खोचला आणि त्या थेट पाण्यात उतरल्या. "बाळ काय काकांना विचारून येणार आहे? धरा की."

न्हाव्याने एक कड धरली. दुसरी कुंभाराने. बाकीचे हाताला लागेल ते घेऊन उपसू लागले, कोणी घमेले, कोणी टोपी. हुकूम द्यायला कोणी नव्हते आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. मी वर आले. आजींना माझ्यात बसवून सगळ्यांनी मिळून दोर असा ओढला की तो करकरला. दुपारी मामा पलीकडच्या काठावर हसत उभे राहिले. मुलगी झाली होती आणि दोघी सुखरूप होत्या.

बरे झाल्यावर काका माझ्यात बसून मामांच्या काठावर आले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मामांच्या हातात ठेवली. "ही बाळाला खेळायला. आणि तो डबा द्या इकडे, मीही आत्ताच उतरलोय."

मित्रांनो, राज्य करणारे कोणी नसेल तर माणसे नीट राहतील का, असा वाद माझ्यात बसून पुष्कळांनी घातला आहे. मला त्यातले फार कळत नाही. मी लाकडाची, झिरपणारच. तुम्ही कधी आलात तर खुशाल वाद घाला. फक्त उतरताना डबा उचला, पलीकडे कोणीतरी आजींची वाट पाहत असेल.