रामनाथ रोज बसतो

"निसर्ग कुणालाही हाकलून देत नाही," चंद्रप्रकाश सरांनी जाहीर केलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एका झाडाखाली, आठ चटयांवर, आठ माणसं डोळे मिटून हे ऐकत होती. तेवढ्यात रखवालदार आला. "उठा, उठा. इथून बिबट्याची ये-जा आहे." आठही माणसांनी चटया गुंडाळल्या आणि ती पन्नास पावलं पलीकडे जाऊन पुन्हा निसर्गाशी एकरूप झाली.

त्यांतला सहावा रामनाथ. राहायला नाहूरला, काम लिफ्ट दुरुस्तीचं, दारू सोडून त्रेपन्न दिवस. चोपन्नावा दिवस घरात जाईल की घराबाहेर, हे बायकोच्या हातात होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला आणतानाच सुगंधाने सांगून ठेवलं होतं, "एकदा जरी प्यायलास, तर कपडे दाराबाहेर. मग बेल वाजवत बस." पूर्वी ती त्याला 'अहो' म्हणायची. तो जिन्यात तिसऱ्यांदा पडला, तेव्हा त्याचा 'तू' झाला.

चंद्रप्रकाश सर विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. झाडाखाली बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, पिण्याची हुक्की आली की तिच्याशी भांडायचं नाही, नुसतं बघायचं, ही त्यांची पद्धत. हुक्की म्हणजे ढग, असं ते म्हणत. रामनाथला ढगांतलं काही कळत नव्हतं. त्याने आपली लिफ्ट धरली. लिफ्ट मजल्यावर येते, दार उघडतं. आपण आत शिरायचं नाही. दार आपोआप लागतं. गंमत म्हणजे ते खरंच लागत होतं.

घरी मात्र त्याने सांगितलं होतं, सकाळची ड्यूटी आहे. बिल्डिंगने वीस वर्षं त्याला बेवडा म्हणून सांभाळून घेतलं होतं. झाडासमोर डोळे मिटून बसणाऱ्याला कोणी सांभाळून घेतलं नसतं.

शनिवारी दुपारी सरांनी, कौतुक घरापर्यंत पोचावं म्हणून, नावनोंदणीच्या फॉर्मवरच्या घरच्या नंबरावर फोन लावला.

"ताई, मी चंद्रप्रकाश. तुमचे रामनाथ आमच्यासोबत बसतात ना, त्यांच्याबद्दल बोलायचं होतं."

चार पुरुष एकत्र 'बसतात' तेव्हा मधे काय ठेवलेलं असतं, हे सुगंधाला सांगायची गरज नव्हती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"कधीपासून बसतो?"

"महिना होईल. रोज. आधी दहा मिनिटांत उठायचे. आता तासभर झाला तरी हलत नाहीत."

"हलता येत नसेल."

"अगदी बरोबर ओळखलंत. परवा तर ढसाढसा रडले. मी म्हटलं, आतून जे वर येतंय ते येऊ द्या. दाबू नका."

"मग साफ कोण करतं?"

"आपोआप साफ होतं, ताई. सगळा निचरा होतो. आता घरीही बसा म्हणून सांगितलंय. तुम्हीही बसा त्यांच्यासोबत. सासूबाईंना बसवा."

सुगंधाने जागा कुठली ते नीट विचारून घेतलं. ताईंचा उत्साह पाहून सरांना फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिने रामनाथला काही कळू दिलं नाही. रंगेहाथ पकडायचा होता. रविवारी सकाळी तो 'ड्यूटी'वर गेला, तशी तिने त्याचे कपडे बॅगेत कोंबले आणि दोन बस बदलून बोरिवली गाठलं.

बॅग धप्पकन चटईवर पडली. रामनाथने डोळे उघडले.

"सुगंधा, अगं ऐक..."

"माका शिकवू नको." राग हाताबाहेर गेला की ती मालवणीवर येत असे. "तोंड उघड. हाऽ कर."

त्याने केला. महिनाभर निगुतीने सांभाळलेला श्वास त्याने तिच्या तोंडावर सोडला.

"परत."

परत केला. नुसता चहाचा वास. तिने शेजारच्याची बाटली उघडून हुंगली.

"हे काय?"

"जिऱ्याचं पाणी," सर म्हणाले. "ताई, आधी बसा तरी."

"तुम्ही गप बसा. ह्याच्यावर रडतो होय हा?"

बाकीचे सात जण डोळे घट्ट मिटून कान देऊन ऐकत होते. त्या सकाळी त्यांचं चित्त एकदाही विचलित झालं नाही.

"ड्यूटी आहे म्हणालास."

"लाज वाटली."

"जिन्यात पडलास तेव्हा नाही वाटली. कुंडीत ओकलास तेव्हा नाही वाटली. झाडाखाली बसायची वाटली."

असं ऐकवलं की पूर्वी रामनाथ कुठे जायचा, हे दोघांनाही माहीत होतं. लिफ्ट आली. दार उघडलं. आत लख्ख उजेड होता, आणि जुना दोस्त नंदकिशोर ग्लास भरून उभा होता. रामनाथ नुसता बघत राहिला.

"आता काय करतोयस?"

"थांबलोय."

"कशाला?"

"प्यावंसं वाटतंय. जाईल आता."

हे वाक्य सुगंधाने वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. अशा वेळी तो 'जरा खाली जाऊन येतो' म्हणायचा. ती हाताची घडी घालून उभी राहिली. एक माकड बॅगेची चेन उघडून बघून गेलं.

"गेलं?"

"नाही अजून."

ती थांबली.

"आता?"

"गेलं."

"परत खोटं बोललास, तर कपडे दाराबाहेर."

"बॅगेसकट?"

"बॅग चांगली आहे. पिशवीत भरीन. उचल ती."

उचलून न्यायची कुठे, हे विचारायची त्याची हिंमत होईना. गेटपर्यंत ती पुढे आणि तो मागे. गेटाबाहेर ती थांबली, पण वळली नाही.

"नाहूरला उतरलास की इडलीचं पीठ घे. तुझ्या नादात काल डाळ-तांदूळ भिजवायचे राहिले. आणि बघून घे, फार आंबलेलं नको."