श्वास घेताना गाणार कोण

सकाळी दहाला कोरसची मंडळी तालमीला आली, तर नाट्यगृहात जागोजागी पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. रंगमंचावर नव्हे, खाली, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधल्या वाटांवर. प्रत्येक पट्टीवर एक आकडा. नवी दिग्दर्शिका गुडघ्यांवर बसून शेवटची पट्टी अंगठ्यानं दाबत होती. तिशीतली पोर, हातात कायम टेपचं बंडल. आठवडाभरात कोरसनं तिचं नाव पट्टीमॅडम ठेवून टाकलं होतं.

"शेवटच्या प्रवेशात तुम्ही विंगेत नाही," ती उठत म्हणाली. "इथे, लोकांमध्ये. एका पट्टीवर एक माणूस. दोघांमध्ये आठ पावलं."

धाकटीनं मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून थोरलीकडे पाहिलं. थोरली चष्मा पुसत होती.

धाकटी म्हणजे कोरसमधल्या दोन जावांपैकी धाकटी, वय पन्नास. थोरली साठीला टेकलेली. सख्ख्या भावांच्या बायका, एकाच घरात वर-खाली राहणाऱ्या, आणि कोरसमध्येही खालच्या सुरातल्या बायकांच्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या. जावाजावांचं इतकं पटतं हे पाहून आजवर पुष्कळ लोकांची निराशा झाली होती.

ऑपेरा जुना, इटालियन, पिढ्यान्‌पिढ्या रडवत आलेला. एका नावाड्याच्या मुलीचा प्रियकर युद्धात मारला गेला असं तिचा भाऊ तिला सांगतो. तो जिवंत आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पण भावाच्या धाकानं कुणी तोंड उघडत नाही. मुलगी विष घेते, प्रियकर उंबऱ्यात येतो, आणि दाराबाहेर गाव प्रार्थना म्हणत राहतं. आजवर ते गाव विंगेत, काळोखात, दाटीवाटीनं उभं राहून गायचं.

"गाव विंगेबाहेर का?" पट्टीमॅडम म्हणाली. "ज्यांनी माहीत असून सांगितलं नाही, ते लोकांच्या शेजारीच उभे असायला हवेत. प्रेक्षकाला शेजारच्याचा एकट्याचा आवाज ऐकू यायला हवा."

कल्पना झकास होती, हे धाकटीलाही कळत होतं. म्हणून तर तिला घाम फुटला. कारण थोरलीला आवाजच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या गळ्याची गाठ काढली. बोलण्यापुरता आवाज परत आला, जरा घोगरा. गाण्याचा आला नाही. महिनाभरानं ती कोरसमध्ये रुजू झाली, पहिल्या तालमीत तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. कोरसच्या मास्तरांनी मान वर करायच्या आत शेजारी उभ्या धाकटीनं दोघींच्या वाटचं गायला सुरुवात केली. ती आजतागायत.

यात आपण काही उपकार करतोय असं धाकटीला कधी वाटलं नाही. म्हणजे थोडंसं वाटायचं, आणि ते वाटणं तिला फार आवडायचं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती दारावरच्या घंटीनंही दचकायची. थोरलीनंच तिला हाताला धरून कोरसमध्ये आणलं. पहिलं वर्षभर भीतीनं धाकटीच्या गळ्यातून आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलायचे, आणि थोरली दोघींचं गात होती. तेव्हा आता उलटं झालं इतकंच. फिट्टंफाट.

त्या शेवटच्या प्रवेशात एक लांब सूर आहे. मुलगी शेवटचं बोलते आणि तिच्याखाली गाव तो एकच सूर धरून ठेवतं, चाळीस आकडे मोजून होईपर्यंत. एवढा श्वास देवानं कुणाला दिलेला नाही. म्हणून प्रत्येकानं मध्येच गुपचूप श्वास घ्यायचा, फक्त दोन शेजाऱ्यांनी एकदम घ्यायचा नाही. एक थांबला की दुसऱ्यानं धरायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर कुठे तुटलेला लागत नाही. जावांचे आकडे वीस-बावीस वर्षांपूर्वीच ठरलेले. थोरली तेराला, धाकटी एकोणीसला.

नऊ नंबरची पट्टी थोरलीची. चौथ्या रांगेच्या कडेला, एका खुर्चीला अगदी खेटून. दहा नंबर धाकटीची, सातव्या रांगेशी. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर धाकटीनं दहाची पट्टी नखानं उचकटली आणि नऊपासून दोन पावलांवर चिकटवली. पन्नाशीच्या बाईनं वाटेत ओणवं होऊन चोरी करणं शोभत नव्हतं, पण शोभण्याचा विचार करायला वेळ कुणाला होता.

सुट्टीनंतर पट्टीमॅडम हातात नकाशा घेऊन आली. नकाशा पाहिला, जमीन पाहिली.

"दहा नंबरला पाय फुटलेले दिसतात," ती शांतपणे म्हणाली आणि पट्टी पुन्हा आठ पावलांवर नेऊन दाबली.

तालीम सुरू व्हायच्या आधी धाकटीनं थोरलीला दारामागच्या बोळात गाठलं.

"ताई, तुम्ही आज डोकं दुखतंय म्हणून घरी जा. उद्याचं उद्या बघू."

"आणि उद्या काय दुखू दे?"

"मग मी मोठ्यानं गाते. तुम्ही मान खाली घालून उभ्या राहा. प्रार्थनाच आहे, चालेल."

"अगं, माझं तोंड चौथ्या रांगेतल्या माणसाच्या कानाशी आहे. त्याला काय बहिरा शोधून बसवणार आहेस?" थोरली हसली. मग तिनं धाकटीच्या खांद्यावरचा केस उचलून टाकला. "चल. मास्तर खोळंबलेत."

धाकटीला त्या हसण्याचा राग आला. जीव हिचा टांगणीला लागायचा, तो आपला लागलाय, आणि ही केस उचलतेय. नवरा गेल्यापासून थोरलीला कोरसशिवाय दुसरं होतं काय? सकाळी आवरून, पर्स घेऊन, कुणीतरी वाट बघतंय म्हणून बाहेर पडायला हीच एक जागा होती. ती गेली की खालच्या मजल्यावर दिवसभर रेडिओ लावून बसायचं. या विचारानं धाकटीला दोन वर्षं झोप लागू दिली नव्हती.

पियानोवर मास्तर बसले. सूर लागला. चाळीस माणसं खुर्च्यांमध्ये विखुरलेली, प्रत्येक आवाज सुटा सुटा ऐकू येत होता, आणि पट्टीमॅडम वाटांमधून चालत एकेकाजवळ थांबून कान देत होती. पाच झाला. सहा. धाकटी इतक्या जोरात गात होती की गळ्याच्या शिरा तटतटल्या. सात. आठ.

थोरलीनं हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ.

पियानो थांबला.

"माझा आवाज गेलाय," थोरली म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी गात नाही, नुसतं तोंड हलवते. नऊ नंबरला दुसरं कुणी बघा."

"ताईंच्या वाटचं मी गात होते," धाकटी सातव्या रांगेतून म्हणाली. "दोघींचं मी गायले. शिक्षा करायची तर मला करा."

पट्टीमॅडमनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर स्वरलिपीची पानं उगाच सारखी करत होते. "मला ठाऊक होतं," ते पानांकडेच बघत म्हणाले.

पट्टीमॅडम रागावली नाही. ती बाहेरची होती, आणि बाहेरच्या माणसाला साधे प्रश्न पडतात. तिनं धाकटीला विचारलं, "तुम्ही दोघींचं गात होतात. मग तुम्ही श्वास घेताना कोण गात होतं?"

धाकटीनं मनात आकडे मोजून पाहिले. एकोणीसला ती थांबायची. तिच्या थांबण्यात थोरलीनं सूर धरायचा, आणि थोरलीला तर सूरच नव्हता. म्हणजे दोन वर्षं, दर प्रयोगाला, एकोणीसच्या आकड्याला तिथे भोक पडायला हवं होतं. पडलं कधीच नाही. आणि आपल्याला कधी हे विचारायचं सुचलंही नाही.

"मी," पलीकडच्या वाटेवरून आवाज आला. ती मफलरबाई होती. रांगेत धाकटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायची, भर उन्हाळ्यातही मफलर सोडायची नाही, आणि धाकटीशी तिचं धड बोलणंही नव्हतं. "माझा श्वास विसाला होता. हिच्या एकोणीसला लागूनच मला थांबून चालेना, म्हणून तेवीसला नेला. या वयात तीन आकडे जास्त. गंमत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" धाकटीनं विचारलं.

मफलरबाईनं हनुवटीनं चौथ्या रांगेकडे दाखवलं. "गळा शिवून तालमीला आली त्याच आठवड्यात घरी आली होती माझ्या. म्हणाली, धाकटी माझ्यासाठी मरमर गाणार, तिला श्वासाला उघडी पाडू नका. मागच्या रांगेतल्या दोघींनाही सांगितलं. मास्तरांनाही."

धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली.

नऊची पट्टी निघाली. पट्टीमॅडमनं स्वतःच्या हातानं ती काढली, पण फेकली नाही. वहीच्या मागच्या पानावर चिकटवून ठेवली. थोरलीनं सगळ्यांचा निरोप घेतला, मास्तरांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि दोघी जावा दुपारच्या उन्हात चालत घरी निघाल्या. निम्म्या रस्त्यात धाकटीला राहवलं नाही.

"सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून. मी वेडी, रात्र रात्र जागायचे. मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गायची थांबली असतीस का?"

"नाही."

"मग."

"मग काय? फसवलंत मला."

थोरली फुटपाथवर थांबली. चालताना बोलायला तिला हल्ली दम लागायचा. "अगं, या घरात आल्यापासून तू माझ्यासाठी काही करू बघतेस, आणि मी तुला करू देत नाही. दरवेळी माझंच वर. तुला एक गोष्ट एकटीनं करायची होती. मी करू दिली. तुला ते फार आवडत होतं, मला दिसायचं." ती पुन्हा चालायला लागली. "आणि खरं सांगू? दोन वर्षं तोंड हलवून हलवून जबडा दुखतो बाई."

धाकटी हसलीही आणि रडलीही. फिट्टंफाट काही झालेलं नव्हतं, आणि आता होणारही नव्हतं. हे कळल्यावर तिला आश्चर्य वाटलं, कारण वाईट वाटायच्या ऐवजी हलकं वाटत होतं.

पहिल्या प्रयोगाला थोरली ठेवणीतली शाल घेऊन आली आणि सातव्या रांगेच्या कडेच्या खुर्चीत बसली. ती जागा तिनं मागून घेतली होती. शेवटच्या प्रवेशात दिवे मंदावले, कोरसची माणसं वाटांमध्ये येऊन आपापल्या पट्टीवर उभी राहिली. धाकटी दहावर होती. तिचा पदर थोरलीच्या खुर्चीच्या दांड्याला लागत होता.

रंगमंचावर मुलीनं पेला ठेवला. सूर लागला. धाकटी मनात मोजत होती. तेराला खुर्चीतल्या थोरलीचे खांदे वर झाले, सवयीनं, आणि खाली आले. एकोणीसला धाकटीनं श्वास घेतला.

आणि त्या एका श्वासापुरत्या शांततेत तिला पलीकडच्या वाटेवरचा मफलरबाईचा आवाज ऐकू आला. जाडाभरडा, किंचित खरखरीत, हट्टानं ओढून धरलेला. दोन वर्षं तो आवाज तिच्या कानाशी होता आणि तिनं तो एकदाही ऐकला नव्हता.

वीस, एकवीस. धाकटी पुन्हा गायला लागली, पण या वेळी जोरात नाही, पुढचं राखून. बावीस. तेवीसला मफलरबाई थांबली, आणि नेमक्या त्या जागी धाकटीनं आवाज भरला, पलीकडच्या वाटेपर्यंत पोचेल इतका. खुर्चीतून थोरलीनं मान हलवली, तालमीत बरोबर आलं की हलवायची तशी. सूर पुढे चालू राहिला.