पोटातली बावीस नावे

मित्रांनो, काचेला नाक लावू नका, आधीच मला कमी दिसते. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, एवढे पाटीवर खरे लिहिले आहे. पुढचे 'खाण कंपनीने जपलेला वारसा' हे मात्र धादांत खोटे. या कंपनीने आजवर जपली ती फक्त स्वतःची कातडी.

मला विकत घेतले कंपनीनेच. फिती कापणाऱ्यांचे हसरे चेहरे टिपण्यात माझे उमेदीचे दिवस वाया गेले. पुढे डोंगरातले मूळचे लोक खाणीविरुद्ध बोलू लागले, तेव्हा कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने समारंभ करून मला त्यांच्या गळ्यात मारले. त्याला सगळे साखरसाहेब म्हणत. ओठांवर साखर आणि पोटात सुरी.

"तुमची गाणी टिपा, नाच टिपा," तो म्हणाला. "खाणीकडे नका नेऊ हं. धूळ फार, भिंग खराब होईल."

मला हातात घेतले ते आत्याने. ती वस्तीतल्या शाळेत शिकवायची आणि अख्खी वस्ती तिला आत्याच म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने मला सरळ खाणीकडे नेले. लाल झालेला ओढा, तडे गेलेली घरे, खोकणारी पोरे, सगळे आम्ही टिपले. आमचा माहितीपट शहराशहरांत दाखवला गेला. लोक रडले, टाळ्या वाजवल्या आणि जेवायला घरी गेले. ओढा लालच राहिला. त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो.

नंतर आत्याने एकच चित्रण केले. तिचे म्हातारे वडील उतारावरच्या बावीस दगडांपाशी एकेक करून थांबले. प्रत्येक दगडावर हात ठेवून, खाली कोणाला पुरले आहे त्याचे नाव त्यांनी घेतले. आधीच त्यांनी बजावले होते, "पोरी, ही नावं आपल्या माणसांसाठी. परक्यांच्या टाळ्यांसाठी नाहीत." म्हणून आत्याने त्याची नक्कलसुद्धा केली नाही. कॅसेट माझ्या पोटातच राहिली.

आठवड्याने त्या उतारावर बुलडोझर आले. आत्या मला घेऊन आडवी उभी राहिली. रखवालदाराने मला हिसकावले, मी खाली आपटलो, माझे झाकण वाकले आणि कॅसेट आत अडकली. साखरसाहेबाने मला लगेच उचलले. "दुरुस्त करून देतो!" संध्याकाळपर्यंत एकही दगड जागेवर उरला नाही.

आत्या दर महिन्याला त्याच्या दारात यायची.

"अहो आत्या, दुरुस्तीला दिलाय ना. धीर धरा जरा."

"तीन वर्षं धरलाय, साहेब. आता हात दुखायला लागले."

मी त्याच्या मागच्याच कपाटात होतो. आत कॅसेट आहे हे तिने चुकूनही तोंडातून काढले नाही. त्याला कळले असते तर त्याने माझी राख केली असती.

पुढे कंपनीने हे संग्रहालय थाटले आणि साखरसाहेबाने मला कपाटातून काढून या काचपेटीत ठेवले. आज ती तुमच्याबरोबरच या दालनात आली. काचेजवळ वाकून पुटपुटली, "बाबा गेले रे. जाताना म्हणाले, आता दाखव, आता कुणी टाळ्या वाजवणार नाही. उद्या कोर्टात आपल्या उताराच्या खटल्याची शेवटची सुनावणी आहे. कंपनी म्हणते, तिथे दगड नव्हतेच."

मग तिने मला मागितले. साखरसाहेब हसला. "आत्या, आता हा सगळ्यांचा आहे!"

माझ्या जागी दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, बाळांनो, जुन्या वस्तू जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका, पुसू नका, माझ्यासोबत फोटो काढू नका. या काचपेटीची किल्ली तुमच्या मागच्या टेबलावर पडली आहे आणि साहेब चहाला गेला आहे. मी सगळ्यांचाच आहे ना? मग तुमचाही आहे. दारात ती बाई अजून चपला घालते आहे. तिला हाक मारा.