नव्या स्कूटरचं कुंकू

स्कूटरची एक सोय आहे, ती विकणारा तुम्हाला सांगत नाही. मागं बसलेल्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. आमच्या घरातल्या सगळ्या नाजूक गोष्टी मी स्कूटरवरच उरकल्या. मेहुण्याच्या लग्नाला मला रजा मिळणार नाही, हे मी विजयमालेला, म्हणजे माझ्या बायकोला, नव्या पेठेच्या भर गर्दीत हॉर्न वाजवत सांगितलं. घरात सांगितलं असतं तर दोन दिवस चूल पेटली नसती.

म्हणून आबांना जे सांगायचं होतं, तेही स्कूटरवरच सांगायचं मी ठरवलं.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव. राहायला करकंबला. शहात्तरच्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढून घ्यायला ते सोलापुरात माझ्याकडं आले आणि महिनाभर राहिले. हिरवा चष्मा लावून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "कुटं निगालासा?" शहरात असं विचारत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. त्यानंतर ते जरा मोठ्यानं विचारायला लागले.

गावी परतायच्या आधी त्यांना होटगीच्या तिप्पण्णाला भेटायचं होतं. तिप्पण्णा म्हणजे बैलबाजारातला त्यांचा जुना सोबती. मी एसटीचं बघतो म्हणालो, तर आबा म्हणाले, "कशाला? तुज्या गाडीवर बसतो की."

दोन वर्षांत आबा त्या स्कूटरवर एकदाही बसले नव्हते. दवाखान्यात जातानासुद्धा त्यांनी टांगा करायला लावला होता. वयामुळं भीत असतील, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

त्या स्कूटरसाठी मी सहा वर्षं नंबर लावून बसलो होतो. जिल्हा परिषदेत कारकुनी मिळाली, खोली मिळाली, लग्न झालं, तरी सायकल मारत ऑफिसला जाणारा मी मला सोलापूरचा वाटायचो नाही. सुट्टीत गावी गेलो की आई आधी तेच विचारायची, "नंबर आला का रं, रामहरी?"

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत नंबर आला. ज्या दिवशी गाडी मिळायची, त्याच दिवशी अकरा वाजता ऑफिसात तार आली. आई गंभीर, लगेच निघा. विजयमाला आठवडाभर आधीच आजारी आईचं करायला करकंबला गेली होती. बाराची एसटी होती. पण आज गाडी उचलली नाही तर ती पुढच्या माणसाला जाईल, असं दुकानातून बजावलं होतं. मी विचार केला, गाडी घेऊ आणि गाडीवरच जाऊ, एसटी काय दहा ठिकाणी थांबत जाते. कागद व्हायला तीन वाजले. मग दुकानातल्या माणसानं पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मला पेढा दिला आणि मी तो खाल्ला. त्या पेढ्याची मला अजून लाज वाटते.

हार मी करकंबच्या अलीकडं काढून उसात फेकला. घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई चार वाजता गेली होती. बाराच्या एसटीनं मी साडेतीनला पोचलो असतो.

"तार उशिरा मिळाली," मी म्हणालो. कुणीतरी विचारलं, "आन ही गाडी?" म्हटलं, "घेऊन आठ दिवस झाले." सगळ्यांनी तारखात्याला शिव्या घातल्या आणि मला पोटाशी धरलं. कुंकवाचं मात्र मला भानच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आठवलं, धावत जाऊन बघितलं, तर पत्रा स्वच्छ. वाऱ्याधुळीनं उडालं असेल म्हणून मला हायसं वाटलं.

तर त्या दिवशी आबांना मागं बसवून निघालो, होटगीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी काही संपेना. मी हँडल धरून मनाशी वाक्यं जुळवत होतो. फाटक उघडलं की बोलायचंच. फाटक उघडलं तशी बैलगाड्या, ट्रक, सायकली सगळ्यांची एकच घाई झाली. मागून कुणीतरी "चल, चल" म्हणालं. मी किक मारली, गिअर टाकला आणि गर्दीतून बाहेर पडल्याबरोबर बोलायला लागलो.

"आबा, तार येळेवर आली हुती. अकरालाच. म्या गाडीसाटी थांबलो. गाडी पयल्यांदा घेतली आन मग आईकडं आलो. समद्यास्नी खोटं सांगितलं."

मागून शब्द नाही. दोन मैल मी तसाच गेलो. माझे डोळे भरून आले होते, समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. "कायतरी बोला की आबा. शिव्या तरी द्या." तरी शब्द नाही. शेवटी मी एक हात मागं नेला. सीटचं रेक्झिन उन्हानं चटका बसेल इतकं तापलं होतं. त्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

स्कूटर कशी वळवली आणि कशी दामटली, ते मला सांगता येणार नाही. ऑपरेशन झालेला माणूस, एका डोळ्यानं धड दिसत नाही, आणि त्या रस्त्यानं ट्रक धावतात. आईला मुकलो तेही ह्याच गाडीपायी.

आबा फाटकाशेजारच्या दगडावर पाय पसरून बसले होते.

"मानूस बसवलायस का जुंधळ्याचं पोतं रं?" ते म्हणाले. "पाय आकडलं म्हनून उतरलो, तर निगालास की."

मला हसू आलं, आणि मग ध्यानात आलं. मी बोललेलं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आता गप्प बसलो असतो तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच ते तोंडातून बाहेर पडलं होतं, ते परत गिळणं मला जमेना. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, हिरव्या चष्म्याकडं बघत सगळं पुन्हा सांगितलं. पेढ्यासकट.

"ठाव हाय," आबा म्हणाले.

"कसं?"

"तू आत गेलास तवा म्या भायेर आलो. गाडीवर कुंकू लालभडक. हँडलात झेंडूची पाकळी अडकलेली. आट दिसाची पाकळी अशी ताजी ऱ्हाती व्हय? मान्सं जमाय लागली हुती. गावानं तुला जलमभर बोलून खाल्लं असतं. धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं."

त्या दिवशी त्यांच्या सोग्यावर लाल डाग होता. मला आठवला. तो आईच्या मळवटाचा आहे असं मी समजलो होतो.

"आई वाट बगत हुती का?" दोन वर्षं मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"व्हय. दारात पाय वाजला की इचारायची, आला का म्हनून."

त्यांनी माझ्यासाठी ते जराही मऊ करून सांगितलं नाही. मी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडलो. आबांनी मला रडू दिलं.

"तुमास्नी राग न्हाय आला?"

"आला की. म्हनून तर दोन वर्सं ह्या गाडीवर बसलो न्हाय." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "तू सांगशील म्हनून म्या बी वाट बगत हुतो."

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मी किक मारली. गिअर टाकायच्या आधी हात मागं नेला आणि चाचपडलो. त्यांनी माझा हात धरून परत हँडलवर ठेवला.

"हाय मी," आबा म्हणाले. "चल."