दिवसपाळीची ऑपरेटरबाई

सूनबाईने कॉम्प्युटर दुरुस्तीचा जोडधंदा काढला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो ऑपरेटरबाईंना. ऑपरेटरबाई म्हणजे तिच्या सासूबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि अर्ध्या शहराच्या बातम्या शहराच्या आधी यांना ठाऊक. त्यातली एकही त्यांनी कधी फोडली नाही. हे मात्र त्या भेटेल त्याला सांगत. पुढे यंत्रं आली, बोर्ड निघाला, बाई घरी बसल्या. घरातला त्यांचा आवाज असा की शेजारी दचकावेत, पण फोन उचलला की त्याच आवाजाला अशी काही साय यायची, की मुलगा म्हणायचा, "आई, माझ्याशीही फोनवरूनच बोलत जा ना."

सूनबाई एका मालवाहतूक कंपनीत पूर्णवेळ नोकरीला होती. कुठला ट्रक कुठे अडकला, कुणाचा माल कुठे उतरला, दिवसभर हेच. संध्याकाळी सुटली की खांद्याला बॅग लावून कुणाचा प्रिंटर, कुणाचा रुसलेला लॅपटॉप. साहेबांनी परवानगी दिली होती, पण दम भरूनच. "ऑफिस सुटल्यावर काय वाटेल ते करा. ऑफिसच्या वेळेत बाहेरच्या गिऱ्हाइकाचा एक जरी फोन इथे खणखणला, तर दोन्हीपैकी एक काय ते निवडा." तिचा मोबाइल दिवसभर गेटवरच्या कपाटात कुलूपबंद असे. म्हणून धंद्याचा नंबर घरचा, आणि तो फोन घ्यायला ऑपरेटरबाई.

काय ती ऐट! सकाळचं आवरून, इस्त्रीची साडी नेसून बाई फोनपाशी बसत. "हो, तक्रार घेतली. संध्याकाळी येतील. काळजी करू नका." रात्रीच्या जेवणाला त्या सुनेकडून प्रत्येक दुरुस्तीची साद्यंत हकिकत काढून घेत. कुणाचं काय बिघडलं, कशाने बिघडलं, तू काय केलंस. मुलगा वैतागायचा, "अगं, तिला घास तरी गिळू दे." बाई म्हणत, "गिऱ्हाइकाने विचारलं तर मी काय मूग गिळून बसू?"

पण गिऱ्हाइकांचा धीर संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता. एक गेलं, दुसरं गेलं. एकदा जेवताना सूनबाईने भाजी वाढता वाढता सांगून टाकलं, "आई, दिवसा अडलेल्याला काहीतरी सांगू शकेल असं माणूस पाहिजे, नाहीतर यात राम नाही. आता सगळी भिस्त त्या फोटोवाल्यावर. त्याच्या स्टुडिओतल्या सगळ्या मशीनची दुरुस्ती आपल्याकडे आहे. तो गेला की मी गाशा गुंडाळणार."

खरं सांगायचं तर ऑपरेटरबाईंना धंद्याइतकीच स्वतःचीही काळजी होती. फोन बंद झाला की आपण पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या, असल्या तरी कुणी बघत नाही. पण सुनेचंही त्यांना मनापासून वाटत होतं. पोरगी बॅग घेऊन निघाली की बाई खिडकीतून ती वळेपर्यंत बघत राहायच्या आणि मनात म्हणायच्या, आहे का कुणाची अशी?

आणि नेमका त्याच आठवड्यात, भर सकाळी, फोटोवाल्याचा फोन आला.

"बाई, मॅडमना द्या! मशीन मेलंय! लग्नाचे फोटो आहेत त्यात, अजून लग्नघरी दिलेले नाहीत!"

"तक्रार घेतली. संध्याकाळी..."

"संध्याकाळ गेली खड्ड्यात! आत्ताच्या आत्ता जोडून द्या त्यांना, नाहीतर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा राहतो!"

जोडून द्या. हे शब्द कानावर पडले, आणि इतक्या वर्षांची सवय ती, बाईंच्या तोंडून निघून गेलं, "जोडते, थांबा."

झालं! पलीकडे त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि बसला वाट बघत. आणि बाई इकडे कपाळाला हात लावून! जोडते म्हणजे कुठे जोडते? सुनेच्या ऑफिसात? साहेबांच्या कानात? आपल्याच जिभेने आपण पोरीची नोकरी नाहीतर धंदा, एकावर पाणी सोडायला निघालो होतो. आणि "जोडते" म्हणून न जोडणं हे बाईंनी आयुष्यात केलेलं नव्हतं. लाइन मात्र चालू होती, आणि सवयीने कानही चालू होता.

टक. टक. टक.

बाईंनी श्वास रोखला. लाइनीतला खरखराट कुठला, घड्याळ कुठलं, कुणाची बांगडी कुठली, हे त्या कानाला झोपेतही कळलं असतं. हे यातलं काही नव्हतं. टक टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. आणि त्यांना जेवणाच्या वेळचं सुनेचं बोलणं आठवलं. कुठल्याशा दवाखान्यातल्या कॉम्प्युटरबद्दल ती म्हणाली होती, "डिस्क अशी टकटकायला लागली ना आई, की ती चालू ठेवणं म्हणजे फोटो, कागद, जे असेल ते आपल्याच हाताने खरवडून काढणं."

"अहो! अहो, फोन घ्या!" बाई ओरडल्या. साय वगैरे सगळी विसरल्या. फोटोवाला धडपडत फोनवर आला.

"जोडलंत?"

"मशीनमधून आवाज येतोय तो कधीपासून?"

"सकाळपासून. मी आपलं बंद करून परत परत चालू करून बघतोय."

"आता काही करून बघू नका. आधी वायर काढा. भिंतीतून. आत्ता."

"आणि मग ते चालूच झालं नाही तर?"

"तर तुम्ही मला बोला. मॅडमना नाही, मला. फोटोंची दुसरी प्रत आहे?"

"आज करणार होतो..."

"वा! मग आता नवरा-नवरीला परत उभं करणार का? काढा वायर! काढलीत की सांगा, तोवर मी फोन ठेवत नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. टकटक थांबली. "काढली," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "पण फोटो गेले ना बाई, तर मी गावभर सांगेन."

फोन ठेवला आणि बाईंचं अवसान गळालं. सुनेने सांगितलं होतं ते मशीन वेगळं, हे वेगळं. आपण कोण लागून गेलो हुकूम सोडणाऱ्या? दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं. सुनेला कळवायची सोय नव्हती, आणि असती तरी त्यांनी कळवलं नसतं.

संध्याकाळी सूनबाई दारात आली, तशी बाईंनी तिला चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, ते "जोडते" धरून. सूनबाईने बॅग खाली ठेवली नाही. म्हणाली, "चला."

"मी? मी कशाला?"

"हुकूम तुम्ही दिलात ना? मग चला."

स्टुडिओत फोटोवाला चेहरा पाडून बसला होता. सूनबाईने मशीन उघडलं, डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क अडखळली. पुन्हा टकटकली. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग फोटोवाल्याचा आवाज आला, "आली! वरात आली! बाई, बघा तरी!" एकेक फोटो पडद्यावर उतरत होता. नवरी हसत होती, कुणीतरी मामा डोळे मिटून उभे होते. शेवटचा फोटो उतरला आणि डिस्कने जी मान टाकली, ती कायमची.

"मॅडम, तुम्ही देव आहात," फोटोवाला म्हणाला.

"मी काही केलं नाही," सूनबाई म्हणाली. "तुम्ही दिवसभर ती चालू-बंद करत बसला असतात, तर मी येऊन नुसती हळहळले असते. वायर यांनी काढायला लावली. हे फोटो यांचे."

फोटोवाल्याने बाईंकडे नीट बघितलं. "पण मॅडम, उद्या पुन्हा दिवसा काही झालं तर? तुम्ही तर नोकरीवर. मला दुसरं कुणी बघावं लागेल का?"

"कशाला? दिवसा यांना फोन करायचा. त्या सांगतील तसं करायचं, उलट बोलायचं नाही," सूनबाई म्हणाली. "या धंद्यात आम्ही दोघी आहोत. दिवसाच्या मॅडम ह्या."

ऑपरेटरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग परक्या माणसासमोर आपण रडलो म्हणून लाज वाटली, तशी त्याच पदराने त्यांनी फोटोवाल्याचं टेबल खसाखसा पुसायला घेतलं. टेबलावर खरंच बोटभर धूळ होती.