अप्पा उभे राहिले

दुबलगुंडीत राहून कलबुर्गीच्या सरकारी कचेरीचं काम करता येतं, यावर गावाचा कधी विश्वास बसला नाही. अप्पांचं डावं अंग लुळं पडल्यापासून मी घरूनच काम करत होते. लॅपटॉपवर पेन्शनच्या फायली निपटायच्या, मधेमधे अप्पांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. पगार वेळेवर येत होता. तरी चहाच्या हॉटेलापुढून जाताना कोणीतरी विचारायचंच, "स्नेहल, नोकरी सुटली का गं?" लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मी हसून पुढे जायचे.

अप्पा मात्र हसत नसत. माझे अप्पा, ज्ञानोबा, हुमनाबादला आडतीवर हमाल होते. मी रुजू झाले त्या दिवशी ते सोबत आले होते. माझी खुर्ची त्यांनी हात फिरवून पाहिली, पण बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मग आदेश आला. सोमवारपासून सगळ्यांनी कचेरीत यायचं. घरात आधाराशिवाय न उठणारं माणूस असेल तरच सवलत, आणि तीही अधिकारी स्वतः बघून गेल्यावर. माझा जीव भांड्यात पडला. अप्पांना काही सोंग करायचं नव्हतं, नुसतं खाटेवर पडून राहायचं होतं. तसं मी त्यांना बजावलंही.

जीप वेशीपाशी आल्याचा फोन आला म्हणून मी आमच्या अधिकारी मंजुश्री मॅडमना आणायला वेशीपर्यंत गेले. परत येऊन बघते तर अप्पा पांढरा सदरा घालून दारात उभे. शेजारच्या सिद्धव्वाला त्यांनी आधीच फितवलं होतं. तिनंच बटणं लावली, तिनंच उठवलं.

"यावं मॅडम," अप्पा म्हणाले. "मला काय धाड भरलीय? माझं मी जेवतो, फिरतो. पोरगीच उगं काळजी करायलीय." आणि भिंतीला हात लावत ते खाटेपर्यंत गेले, वळले, पुन्हा दारापर्यंत आले.

"मॅडम, हे खोटं बोलतायत," मी म्हणाले.

मॅडमना ते पटलंही असावं. "पण ते माझ्यासमोर चालले, स्नेहल. चालता येत नाही असं मी कसं लिहू?" चहा न घेताच त्या गेल्या.

माझं डोकं फिरलं. "तुमी कामून असं केलाव, अप्पा? मी दिवसभर न्हाई म्हणल्यावर तुमाला बघणार कोण?"

"आधी मला बसव," ते म्हणाले. पाय लटपटत होता. कसंबसं उभं राहता येत होतं, पण एकट्यानं खाली बसता येत नव्हतं. मी धरून खाटेवर बसवलं. सदरा घामानं भिजला होता.

"लोकं म्हणायलेत, ज्ञानोबाची पोरगी घरी बसली. मी पोती उचललो ते याच्यासाठी व्हय?"

"काम तेच हाय, अप्पा. पगार तोच हाय."

"तिथं तुज्या खुर्चीवर कोण बसायलंय?"

"कोण न्हाई. रिकामी असंल."

"रिकामी दिसू नये, बाई. आपल्याला ती लई उशिरा मिळाली."

मॅडमचा नंबर माझ्याकडे होता, जीप अजून गावच्या शिवेतच असणार. एक फोन केला असता तर त्या परत आल्या असत्या आणि त्यांना खरं दिसलं असतं. अप्पांनी ते ओळखलं. "लाव की फोन," म्हणाले, आणि मान फिरवून घेतली. मला त्यांचा राग आला होता, आणि रागाहून जास्त कीव आली होती. ती त्यांना दिसली असती तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी फोन लावला नाही.

त्यांच्याकडे बघायचं सिद्धव्वानं कबूल केलं, पण सकाळी म्हशींच्या धारा काढूनच ती येणार होती. सोमवारी मी निघाले तेव्हा अप्पा म्हणाले, "मला दारात उभं कर."

"ती येईपर्यंत खाटेवरच बसा की."

"न्हाई. उभं कर."

मी उभं केलं.

बस आमच्या दारावरूनच जाते. खिडकीतून मी पाहिलं. चौकट धरून ते उभे होते आणि समोरच्या चहाच्या हॉटेलापुढच्या माणसांना मोठ्यानं सांगत होते, "लेक कचेरीला चाललीय." माणसं हसली, एकानं हात वर केला. म्हातारा खडखडीत बरा झाला, असंच त्यांना वाटलं असणार. अप्पांना आता एकट्यानं खाली बसता येत नाही, हे त्या रस्त्यावर एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी निघून चालले होते.