ओव्हरनंतरची सात सेकंदं

"काका, तुम्ही परत थांबलात!"

केंद्र सांभाळणाऱ्या साईराजने हेडफोन काढून टेबलावर टाकला. काचेच्या पलीकडे आकाराम माइकसमोर ताठ बसला होता. गाणं सुरू झालं होतं. ढोल, ताशा आणि कीबोर्ड एकदमच अंगावर आल्यामुळे साईराजला ओरडूनच बोलावं लागत होतं.

"किती थांबलो?" आकारामने शांतपणे विचारलं.

"सात सेकंदं. मोजली मी. रेडिओवर सात सेकंदं आवाज नसला की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. आपली जिंगल काय आहे, सांगा. 'ठेका एफएम, दम घ्यायचा न्हाई!' आणि तुम्ही खुशाल दम घेताय."

"सवय हाय रं, जात न्हाई."

सवय खरोखरच जुनी होती. आकाराम पलूसचा. सैन्यात सिग्नलला चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून परतलेला. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आणि मग थांबायचं. बर्फातल्या चौकीवर समोरच्या गड्याला उत्तर द्यायचं तर आधी हातमोजा काढून बटण शोधावं लागायचं. त्याला सात सेकंदं लागायची. मधेच बोललात तर त्याचं बोलणं चिरडलं जायचं. चोवीस वर्षं जे अंगात मुरलं, ते साईराजच्या एका ओरडण्याने कसं निघावं?

बायको गेल्यावर आकारामला पलूसचं घर खायला उठलं. ऊस धाकट्या भावाच्या हवाली करून तो वडूजला आला, एक खोली भाड्याने घेतली. मुलगी उत्कर्षा लग्न होऊन बेंगळुरूला. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, इथल्या शिक्षणसंस्थेने छोटं रेडिओ केंद्र काढलंय, यंत्रातलं कळणारा माणूस हवाय. तो यंत्रासाठी गेला आणि संध्याकाळी पाच ते सहा बोलायला कुणी मिळेना म्हणून माइकपुढे बसवला गेला.

केंद्राची कल्पना संस्थेच्या अण्णांची. अण्णांनी पुतण्याच्या वरातीत गावातली पोरं तीन तास नाचताना पाहिली आणि त्यांना वाटलं, ह्यांना दिवसभर हेच वाजवून दिलं तर अख्खा तालुका आपल्या खिशात. म्हणून ठेका एफएमवर सकाळी सातपासून फक्त नाचायची गाणी. हळदीची, वरातीची, मिरवणुकीची. सकाळी सात वाजता वरातीचं गाणं ऐकून दात घासणारा माणूस अण्णांनी कुठे पाहिला होता, देव जाणे.

वर्ष झालं. श्रोत्यांनी मिस्ड कॉल द्यावा म्हणून एक नंबर होता. काल त्याच्यावर तीन आले. त्यातला एक साईराजनेच फोन चालू आहे का बघायला केला होता आणि दुसऱ्याला परत फोन लावला तर तो गॅस सिलिंडर कधी येणार म्हणून विचारत होता.

"अण्णा म्हणालेत," साईराज आता खालच्या आवाजात म्हणाला, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हती, "महिनाअखेरपर्यंत श्रोते दाखवा. नाहीतर बोलणारी माणसं बंद. कॉम्प्युटर गाणी लावेल. तुम्ही एक करा काका. हे फॉर्म घ्या आणि गावागावात फिरून विचारा, कोण ऐकतं, का ऐकतं."

"आन न्हाई ऐकत, त्येला काय इचारू?"

"का नाही ऐकत, ते."

आकारामने फॉर्म घेतले. त्याला त्या एका तासाची किती गरज होती, हे त्याने साईराजला कधी सांगितलं नव्हतं. खोलीवर तो दिवसभर एक शब्द बोलत नसे. पाच वाजता माइकचा लाल दिवा लागला की विचारायचा, "काय मंडळी, काय चाललंय? च्या झाला का? ओव्हर." दिवसातलं त्याचं बोलणं ते एवढंच.

चार दिवस तो संस्थेच्या मोटरसायकलवरून फिरला. 'का ऐकत नाही' हा रकाना भराभर भरत गेला. टपरीवाला म्हणाला, गिऱ्हाईक चहा सोडून टेबलं बडवतंय. एक बाई म्हणाली, ही गाणी लागली की सासऱ्यांना वाटतं दारात वरात आली, ते उठून बाहेर जाऊन बघतात. डीजेची गाडी चालवणारा जयराज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भलेमोठे स्पीकर बांधत होता. तो तर हसलाच.

"आवं काका, हात लावा हितं." त्याने आकारामचा पंजा धरून स्पीकरवर ठेवला आणि आवाज सोडला. तो दणका मनगटातून खांद्यापर्यंत गेला. "ह्यो दणका छातीत बसला की पाय आपसूक उचलत्यात. तुमच्या रेडिओत काय हाय? आन समजा पाय उचललं, तर घरात एकटाच नाचू व्हय? आई दृष्ट काढंल माजी."

आकारामने फॉर्मवर लिहिलं, 'एकटा नाचत नाही.' मग त्याला वाटलं, अण्णांनी एवढी यंत्रं घेण्याआधी ह्या पोराला एकदा विचारलं असतं तरी भागलं असतं.

पाचव्या दिवशी औंध रस्त्याला, डोंगराखालच्या माळावर एक एकटं घर दिसलं. दारात लिंबाच्या फांदीला रेडिओ टांगलेला होता आणि त्यातून ठेका एफएम चालू होतं. आकारामने गाडी बंद केली. वर्षभरात दुसऱ्याच्या दारात आपलं केंद्र वाजताना तो पहिल्यांदाच ऐकत होता.

एक म्हातारी डालग्याखालची कोकरं एकेक करून बाहेर काढत होती. तिने मान वर केली.

"पानी पायजे का?"

"न्हाई. रेडिओवरनं आलोय. आकाराम माझं नाव."

म्हातारीच्या हातातलं कोकरू सुटलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हंजी पाच वाजता बोलनारं तुमीच की! आवाज वळखला मी. बसा. लय बारीक दिसतायसा. आवाजावरनं मला वाटलं, आडमाप गडी असंल."

तिचं नाव धोंडुबाई. नवरा बिराप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा बिरदेव चाकणला कंपनीत होता. मेंढरं विकून टाकली होती, हौसेपुरती चार राहिली होती. आकारामने फॉर्म काढला.

"नाचायची गानी आवडत्यात का तुमास्नी?"

"न्हाई बा. डोस्कं उठतंय."

"मग?"

"आमचं मालक गजी लय झ्याक नाचायचं. पन त्येला चाळीस जन, दोन ढोल लागायचं. आता हितं कोन हाय? कोकरांसंगं नाचू?" ती हसली. "मी आपली तुमी बोलायची वाट बघत बसती. गान्याचं काय, पावन्याबरुबर पोरं येत्यात तसं ऐकून घ्यायचं."

"माझं बोलनं? मी काय बोलतो त्यात?"

"तुमी इचारता, च्या झाला का. आन गप बसता."

आकारामने पेन फॉर्मवरून उचललं.

"तवा मी सांगती," धोंडुबाई म्हणाली. "झाला म्हनती. न्हाईतर दूध नासलं म्हनती. पाय दुकतोय म्हनती. बिरदेवाचा फोन येतो, न्हाई असं न्हाई. पन 'आये, बरी हायस न्हवं' म्हनतो आन माझं 'व्हय' निघायच्या आत ठिवतो. त्येला तरी काय बोलायचं, सायेब उबा असतोय डोक्यावर. इचारून थांबनारं मानूस तुमीच."

खोटं बोलणं आकारामला जमत नव्हतं. "मावशी, रेडिओतनं तुमचं मला ऐकू येत न्हाई बरं का."

"येडी हाय व्हय मी?" ती चिडली. "रेडूला कान नसत्यात, म्हाईत हाय मला. पन तुमी गप बसता ती माझ्यासाठी जागा असती. त्येवडी पुरती." मग थोडा वेळ कोकराची पाठ खाजवून म्हणाली, "त्ये ओवर म्हंजी काय वं?"

"म्हंजी माझं झालं, आता तुमी बोला."

"बगा! तसंच वाटलं हुतं मला. आन बोलायचंच सपलं, मंग काय म्हनायचं?"

"मग आऊट म्हनायचं. म्हंजी आता वाट बगू नगा."

"त्ये कवा म्हनत न्हाई तुमी."

"कारेक्रम रोजचा हाय न्हवं."

निघताना ती गाडीपर्यंत आली. "सगळ्यास्नी इचारता, तुमचं काय त्ये कवा सांगत न्हाई. तुमी जेवतायसा का येळंवर?"

बायको गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. तो "व्हय" म्हणाला आणि घाईने किक मारली, कारण ते खरं नव्हतं.

फॉर्मच्या गठ्ठ्यात 'ऐकतो' असा एकच फॉर्म निघाला. का ऐकतो ह्यापुढे आकारामने लिहिलं होतं, 'मध्ये थांबतो म्हणून.' साईराजने तो दोनदा वाचला. त्याला वाटलं काका चेष्टा करतायत. पोरगा वाईट नव्हता. अण्णांकडे जाऊन तो एकदा भांडलासुद्धा. पण एका म्हातारीसाठी कुणी माणूस बसवून ठेवत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साईराजने कॉम्प्युटर लावून दिला. "बरोबर सहाला तो आपोआप माइक बंद करेल आणि गाणी सुरू करेल. तुम्ही काही करायचं नाही. आणि काका, आज पाहिजे तेवढं थांबा. मी मोजणार नाही." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला.

आकारामने ठरवलं होतं. आज आऊट म्हणायचं. समोरच्याला ऐकत ठेवून आपण सेट बंद करायचा, हा सिग्नलवाल्याचा सगळ्यात मोठा गुन्हा. उद्या पाच वाजता ती लिंबाखाली येऊन बसेल, गाण्यामागून गाणी लागतील, मधे जागाच नसेल. तिला आजच कळायला हवं.

सहाला दोन मिनिटं असताना त्याने गाणं खाली आणलं.

"मंडळी, आज माझं सांगतो. मी येळंवर जेवत न्हाई. एकट्यासाठी भाकरी थापायचा कटाळा येतो. वडूजात वरीस झालं, पन हितं आलो न्हाई तर दिवसभर कुनाशी बोलनं हुत न्हाई. ह्या एका तासावर दिस काढला मी." तो श्वास घ्यायला थांबला. "आता तुमचं काय ऱ्हायलं असंल तर बोला. ओव्हर."

सात सेकंदं झाली. आऊट ओठावर आलं होतं. पण त्याला वाटलं, आज तिला जास्त बोलायचं असेल. आज ती रागावली असेल, भाकरी कशी थापायची ते सांगत असेल, पायाचं सांगत असेल. मधेच बोललं तर चिरडलं जाईल. त्याने हेडफोन कानाशी दाबला. त्यात नुसती खरखर होती. वीस सेकंदं, चाळीस. ते सगळं होईपर्यंत थांबायला हवं. तो मान हलवत राहिला, व्हय, व्हय, असा.

एकदम ढोल वाजला. सहा वाजले होते.

"आऊट," आकाराम घाईने म्हणाला. "मावशी, आऊट!"

माइकचा लाल दिवा विझलेला होता. शब्द त्या खोलीतच राहिला. त्याने बटणं दाबून पाहिली, तारा हलवल्या. कॉम्प्युटरने दाद दिली नाही. 'ठेका एफएम, दम घ्यायचा न्हाई!' जिंगल वाजली आणि तिच्या पाठोपाठ दुसरं गाणं. तिकडे माळावर, सिग्नलच्या भाषेत, एक स्टेशन अजून ऐकत होतं.

त्याने हेडफोन खुंटीला अडकवला, काचेवरून रुमाल फिरवला आणि खाली उतरला. मोटरसायकलची चावी संस्थेला परत द्यायची होती, ती त्याने शिपायाकडे दिली. मग चालत स्टँडवर गेला.

चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस फोनवर बोलत होता.

"सायेब, उद्या औंधला जानारी पयली गाडी कितीला हाय?" आकारामने विचारलं.

माणसाने मान वर केली नाही. मागची बाई म्हणाली, "आवं, परत इचारा की, त्येनं ऐकलं न्हाई."

आकारामने परत विचारलं नाही. तो खिडकीशी ताठ उभा राहून उत्तर यायची वाट बघत थांबला.